दोरावर तोललेला व्यापार

मढ गावातून समुद्र दिसत नाही. जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाच्या अलीकडे वसलेल्या या गावाला डोंगर, भातखाचरे आणि पावसाळ्यात दाटून येणारे धुके यांचाच शेजार आहे. मात्र येथून जाणारा कल्याण-नगर रस्ता घाट उतरला की खाडीच्याच दिशेने धावतो. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव येथील बाजारांतून कांदा आणि भाजीपाला भरून निघालेले ट्रक याच वाटेने मुंबईकडे जातात. जाणता चालक घाटाला लागण्यापूर्वी खाली उतरतो आणि ताडपत्रीवरचे दोर हाताने दाबून पाहतो. माल कोणाचा, भाव किती, पेढी कोणती, हे प्रश्न त्या क्षणी मागे पडतात. वळणावर माल हलला तर तो सावरणारा एकच, तो दोर.

दोन हजार वर्षांपूर्वी याच पठारावरचा माल नाणेघाटाने कल्याणकडे उतरत असे. घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि वाटेवर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. परंपरा त्याला जकातीचा रांजण म्हणते. जुन्नर आणि कल्याण यांचे नाते केवळ अनुमानावर उभे नाही. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरील लेखात ते दान कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्या इतर लेखांत धान्य व्यापाऱ्यांची, कासारांची, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी भेटते आणि इरिल, चिट, चंद असे तीन यवन दातेही भेटतात. जैन वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. याच पुणे जिल्ह्यात, मावळातील पाले येथील लेण्यात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेला एक लेख आहे. त्याचा आरंभ अरिहंतांना केलेल्या नमस्काराने होतो, आणि त्यात लेण्याबरोबर पाण्याच्या पोढीचेही दान नोंदलेले आहे. घाटमाथ्यावर तहानलेल्या वाटसरूला पाण्याचे मोल काय असते, हे त्या दात्याला नेमके कळले होते.

घाट उतरलेला माल कल्याणच्या खाडीत जहाजांवर चढे. ही जहाजे दिसत तरी कशी होती? त्यांचा सांगाडा, त्यांची डोलकाठी, त्यांचे शीड हे सारे लाकूड, कापड आणि काथ्या यांचे असल्यामुळे काळाने खाऊन टाकले. उरल्या त्या केवळ प्रतिमा आणि प्रतिकृती. पेढीवरच्या काचेच्या कपाटात किंवा दिवाणखान्यात शिडाच्या जहाजाची छोटी प्रतिकृती पुष्कळ व्यापारी घरांत आढळते. पाहणारा तिचे कौतुक करतो ते लाकडाच्या झिलईसाठी, पितळी तोफांसाठी, फुगलेल्या शिडांसाठी. दोरांकडे सहसा कोणी पाहत नाही. खरे तर प्रतिकृती खरी की नुसती शोभेची, हे ठरते दोरांवरून. लाकडाचा आकार थोडाफार चुकला तरी जहाज तरंगू शकते. दोर चुकीच्या जागी बांधले तर ते बंदरातून बाहेरच पडू शकत नाही.

दोरांचे हे शास्त्र कोकणातल्या खलाशाला शिकवावे लागत नाही. देशावरच्या माणसाला ते अवघड वाटते, पण तसे वाटण्याचे कारण नाही, कारण जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने ते पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर वापरले आहे. मोटेला दोन दोर असत. जाड नाडा पाण्याने भरलेल्या मोटेचा भार ओढून वर आणी. बारीक सोंदूर मोटेची सोंड धरून ठेवी आणि थारोळ्याशी येताच तिला मोकळी करी. एक दोर वजन पेलतो, दुसरा आकारावर ताबा ठेवतो. जहाजावरही हेच घडते. डोलकाठीवर जे लांब लाकूड टांगलेले असते त्याला परबाण म्हणतात; शीड त्यालाच बांधतात. परबाण वर चढवणारा जाड दोर म्हणजे नाडा समजावा. शिडाचा खालचा मोकळा कोपरा आवळणारा किंवा सैल सोडणारा दोर म्हणजे सोंदूर. वारा मोटेतल्या पाण्यासारखा शिडात भरतो, आणि तो किती भरू द्यायचा हे त्या दुसऱ्या दोराच्या हाती असते. यांखेरीज तिसरा एक वर्ग आहे: डोलकाठी कोसळू नये म्हणून तिला दोन्ही बाजूंनी आणि मागून धरून ठेवणारे ताणदोर.

खरा भेद या ताणदोरांतच आहे. युरोपीय जहाजांवर ते कायमचे बांधलेले असत. डोलकाठीच्या दोन्ही अंगांना दोरांची जाळी ताणून बसवायची, त्यांवर आडवे दोर बांधून शिडी करायची, आणि त्या शिडीवरून खलाशांनी वर चढायचे, अशी ती व्यवस्था. डांबर चोपडल्याने हे स्थिर दोर काळे दिसत, हलणारे दोर मात्र फिकट राहत. पश्चिम किनाऱ्यावरच्या फत्तेमारी, बतेला, मचवा या जातींच्या नौकांचे शीड तिरके, जवळजवळ त्रिकोणी असे. परबाण डोलकाठीहूनही लांब असू शके आणि पुष्कळदा दोन-तीन लाकडे एकमेकांना करकचून बांधून ते तयार केलेले असे. अशा नौकेला वाऱ्याची बाजू बदलायची झाली की तिची पाठ वाऱ्याकडे करून वळावे लागे. मग परबाण जवळजवळ उभे करून डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यावे लागे, आणि शिडाचा मोकळा कोपराही पुढून फिरवून पलीकडे आणावा लागे. डोलकाठ्या किंचित पुढे झुकलेल्या असत त्यामागेही हेच कारण आहे: परबाण डोलकाठीपासून सुटे लोंबते आणि फिरवताना अडत नाही.

आता अशा नौकेच्या दोन्ही अंगांना कायमचे ताणदोर बांधले तर काय होईल? फुगलेले शीड वाऱ्याआडच्या बाजूच्या दोरांवर घासत राहील आणि परबाण पलीकडे नेताना दोरांत अडकेल. म्हणून आपल्या खलाशांनी ताणदोर कप्प्यांवर घेतले आणि ते काढता-घालता येतील असे ठेवले. वारा ज्या बाजूने येई त्या बाजूचे दोर ताणायचे, दुसऱ्या बाजूचे ढिले सोडायचे. परबाण वर ओढणारा मुख्य दोर मागे आणून बांधला की तोच डोलकाठीला पाठीमागून आधार देई. एकाच दोराने दोन कामे! पडावावरची माणसे मोजकी, जागा थोडी, खर्च काटेकोर. तेथे एक दोर वाचला म्हणजे नफाच. व्यापाऱ्याला ही काटकसर लगेच समजावी.

बाजारातल्या बहुतेक प्रतिकृती नेमक्या येथे फसतात. शीड भारतीय, तिरके, परबाण लांबलचक, आणि दोन्ही बाजूंना युरोपीय पद्धतीच्या दोरांच्या शिड्या घट्ट ताणलेल्या. दिसायला ते फार भारदस्त दिसते, पण असे जहाज आयुष्यात एकदाही वाऱ्याची बाजू बदलू शकणार नाही. ही गफलत होण्यास मुंबईचा इतिहासही थोडा कारणीभूत असावा. लवजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी युरोपीय धाटणीची मोठमोठी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे. त्या गोदीच्या बाहेर, त्याच बंदरात, फत्तेमाऱ्या आणि मचवे नांगरलेले असत. दोन्ही पद्धती एकाच पाण्यावर नांदल्या. पुढच्या कारागिरांनी चित्रे पाहून त्यांची सरमिसळ केली.

देशी नौकांकडे अभ्यासू नजरेने पाहणारे परदेशी लोक थोडे होते, पण त्यांचे ऋण मोठे आहे. सिंहलद्वीपातील त्रिंकोमाली येथील गोदीत काम केलेल्या जॉन एडी यांनी १८३४ मध्ये मलबार, कोरोमंडल आणि सिंहलच्या किनाऱ्यांवरील नौकांचे वर्णन आकृत्यांसह प्रसिद्ध केले. फ्रेंच नौदलातील एद्मों पारी यांनी आपल्या सफरींत जगभरच्या बिगर-युरोपीय नौका मोजल्या, रेखाटल्या आणि १८४० च्या दशकाच्या आरंभी त्यांचा ग्रंथ काढला. पुढे पॅरिसच्या नौका-संग्रहालयाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी मोजमापांवरून अशा नौकांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. विसाव्या शतकात जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय नौकांवर दीर्घ लेखन केले. शिडाची फत्तेमारी आज पाहायला मिळत नाही, तेव्हा प्रामाणिक प्रतिकृती घडवू पाहणाऱ्याला या कागदांकडेच वळावे लागते. आपल्या बंदरातली नौका कशी बांधत हे आपल्याला पॅरिसच्या कपाटात पाहावे लागावे, याचे थोडे वैषम्य वाटते, आणि कोणीतरी ते जपले याचे समाधानही.

त्याहून मागे गेले तर पुरावे आणखी तुटक होतात. यज्ञश्री सातकर्णीच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीची ही नाणी. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या जागेत कारागिराने दोन्ही टोकांना उंचावलेला सांगाडा, दोन डोलकाठ्या, मागे सुकाणूची वल्ही दाखवली, आणि डोलकाठ्यांच्या शेंड्यांपासून उतरणारे दोरही दाखवले. जागा इतकी अपुरी असताना त्याने दोर गाळले नाहीत, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. मात्र येथे उत्साहाला लगाम हवा. नाणेघाटाचे नाव आणि नाण्यावरचे जहाज यांची सांगड घालून ही नाणी जणू जुन्नरच्या बाजारातलीच, असे पुष्कळदा सूचित केले जाते. ही जहाजाची नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, आंध्रात सापडली आहेत. राजघराणे तेच, किनारा वेगळा. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चित्रात तीन डोलकाठ्या, उंच आयताकृती शिडे आणि मागच्या बाजूस ठेवलेले माठ दिसतात. पण चित्रकाराला कथा सांगायची होती, आराखडा काढायचा नव्हता. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर शिलाहार काळातले नाविक युद्ध कोरले आहे. तेथे वल्ह्यांच्या रांगा दोरांपेक्षा अधिक बोलक्या आहेत.

जैन आगमांत मात्र समुद्र आश्चर्य वाटावे इतक्या जवळून दिसतो. ‘ज्ञाताधर्मकथा’ या अंगग्रंथात चंपानगरीच्या अर्हन्नकाची कथा आहे. तो आणि त्याचे सोबती नौकेने व्यापार करणारे वणिक. माल गाडीत भरणे, बंदरावर येणे, तो नौकेत चढवणे, आप्तांचा निरोप, बंधने सोडणे, शिडे उभारणे असा क्रम तेथे एखाद्या अनुभवी आडत्याने सांगावा तसा येतो, आणि शिडे पसरलेल्या नौकेला पंख पसरलेल्या गरुड-युवतीची उपमा मिळते. समुद्रात पिशाचरूप घेतलेला देव नौका उचलून बुडवण्याची धमकी देतो. अर्हन्नक धर्मापासून ढळत नाही. शेवटी तोच देव प्रसन्न होऊन त्याला कुंडलांच्या दोन जोड्या देतो. त्याच ग्रंथात माकंदीपुत्र जिनपालित आणि जिनरक्षित यांची कथा आहे. अकरा वेळा ते समुद्र तरून सुखरूप परतले होते. आईवडिलांनी नको म्हटले असता बाराव्या खेपेस निघाले आणि वादळात सापडले. तेथील नौकाभंगाच्या वर्णनात डोलकाठी मोडते, ध्वजदंड तुटतो. दोघे भाऊ फळीच्या आधाराने रत्नद्वीपाला लागतात.

या वर्णनात डोलकाठीसाठी ‘कूव’ हा प्राकृत शब्द आला आहे. संस्कृतात तो ‘कूपक’. गुजराती भाषेत डोलकाठीला आजही ‘कूवाथंभ’ म्हणतात. ज्या कुटुंबांच्या घरात गुजराती किंवा कच्छी बोलली जाते, त्यांच्या तोंडी आगमातला नौकेचा शब्द अशा रीतीने टिकून राहिला आहे. ‘अंगविज्जा’ या प्राकृत जैन ग्रंथात नौकांच्या जातींची यादीच आहे. मुनी पुण्यविजयजींनी संपादित केलेला हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या यादीतील ‘कोट्टिंब’ आणि ‘तप्पक’ ही नावे ग्रीक भाषेत लिहिलेल्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तातही भेटतात. भडोचच्या अवघड खाडीमुखातून परकी जहाजांना वाट दाखवत आत आणणाऱ्या स्थानिक नौकांची ती नावे आहेत. एक जैन निमित्तशास्त्राचा ग्रंथ आणि एक परकी नाविक एकमेकांना न ओळखता एकच साक्ष देतात, तेव्हा ती साक्ष बळकट म्हणावी लागते.

भडोचचाच आणखी एक संदर्भ संगमरवरात आहे. मुनिसुव्रत स्वामींच्या तीर्थाशी निगडित शकुनिका-विहाराची कथा अबूच्या लूणवसहीत आणि कुंभारियाच्या मंदिरात तेराव्या शतकात शिल्पपटांवर कोरली गेली. शिकाऱ्याच्या बाणाने विद्ध झालेली घार मरताना नवकार ऐकते, सिंहलच्या राजकन्येच्या रूपाने जन्म घेते, आणि पूर्वजन्म आठवल्यावर समुद्रमार्गे भडोचला येते. त्या पटात समुद्र आहे आणि त्यावर नौका आहे. यात्रेला जाणारी कितीतरी कुटुंबे छतावरची कमळे मान वर करून पाहतात आणि ही नौका मात्र त्यांच्या नजरेतून निसटते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोराची किंमत काय होती, हे मात्र शिल्पातून कळत नाही. ते हुंडीतून कळते. ‘जोखमी हुंडी’ हा प्रकार जुन्या पेढ्यांच्या व्यवहारात प्रसिद्ध होता. माल जहाजावर चढवणारा व्यापारी त्या मालावर हुंडी काढी, आणि तिची रक्कम माल सुखरूप पोहोचला तरच देय होई. जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे गेले. अर्थात त्याने जोखीम ओळखूनच दर ठरवलेला असे. या कागदामागे शाहूचा शब्द होता, बाजारातली पत होती. आणि त्या पतीच्या पलीकडे, दर्यात, परबाण पेलणारा काथ्याचा एक दोर होता. तो कुजला असेल आणि रात्री वाऱ्याच्या झोताने तुटला, तर परबाण शिडासकट खाली येई. खाली माणसे झोपलेली असत. किनारा जवळ असेल तर शिडाविना नौका खडकांवर जाई. पेढीवर नुकसान आकड्यांत लिहिले जाई. तांडेलाच्या घरी ते आकड्यांत लिहिता येण्यासारखे नसे.

म्हणूनच दोर बदलण्याचा एक ठराविक काळ होता. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत पश्चिम किनाऱ्यावरची शिडाची वाहतूक थांबत असे. नौका किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवत, आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुन्हा खुला होई. त्या बंद महिन्यांत जुने दोर तपासणे, नवे वळणे, शिडे शिवणे चाले. इकडे घाटावर त्याच काळात साधु-साध्वींचा चातुर्मास स्थिरावलेला असे आणि व्यापाऱ्यांचा प्रवासही मंदावलेला असे. प्रवास न करण्याची धर्मातली ऋतू-मर्यादा आणि दर्यावरची ऋतू-मर्यादा या दोन्ही एकाच पावसाने आखून दिल्या होत्या.

काथ्याच का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. देशावर अंबाडी, ताग आणि घायपात यांचे दोर वळण्याचे कसब मोठे होते. मातंग समाजातील कारागिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. नाडा, सोंदूर, कासरा, दावे, चऱ्हाट अशी प्रत्येक कामाची वेगळी वीण त्यांच्या हातात होती. पण तागाचा दोर खाऱ्या पाण्यात भिजला की डांबराशिवाय टिकत नाही. नारळाच्या काथ्याचा दोर खारे पाणी सोसतो, पाण्यावर तरंगतो आणि झटका बसला तर थोडा ताणला जाऊन तो झटका स्वतःत मुरवतो. शिडासाठी कापूस वापरत. मुंबईतील डोंगरीच्या नावावरून ज्या जाड सुती कापडाला इंग्रजांनी ‘डंगरी’ म्हटले, त्याचा एक उपयोग शिडे शिवण्यासाठी होई. आज तो शब्द लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात उरला आहे.

प्रतिकृती करणाऱ्यापुढे या साऱ्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये येऊन उभा राहतो. मूळ नौकेच्या पन्नासाव्या भागाएवढी प्रतिकृती करायची तर ५ सेंटिमीटर जाडीचा मुख्य दोर १ मिलिमीटरचा होतो आणि १ सेंटिमीटरचा दोर अवघा ०.२ मिलिमीटरचा. सर्व दोर एकाच रिळातल्या दोऱ्याचे केले की जाणकाराची नजर लगेच अडखळते. कोणता दोर वजन पेलतो आणि कोणता नुसता आवरतो, हा भेदच नाहीसा होतो. साध्या शिवणाच्या दोऱ्याला बारीक तंतू सुटलेले असतात. तेवढ्या लहान आकारात ते दोराला फुटलेल्या केसांसारखे दिसतात. ते बसवण्यासाठी कारागीर दोरा मधमाश्यांच्या मेणावरून ओढतात; अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात साध्या मेणबत्तीचे मेण हेच काम बऱ्याच अंशी करते. युरोपात अशा कामासाठी रेशीम वापरत. नेपोलियनच्या काळातील फ्रेंच युद्धकैद्यांनी तर इंग्लंडच्या तुरुंगांत जेवणातून उरलेल्या हाडांपासून जहाजे कोरली आणि दोरांसाठी माणसाचे केसही वापरले. कौशल्य अलौकिक खरे, पण जैन वाचकाने ती संग्रहालयात दुरूनच पाहावीत हे बरे. आपल्या फत्तेमारीला सुती दोरा आणि तपकिरी रंगाचे पाणी पुरते.

दोरांचा प्रश्न कपाटातल्या प्रतिकृतीपुरता राहत नाही, हे अलीकडे गोव्यात दिसून आले. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून शिवलेल्या बांधणीचे, म्हणजे फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने एकमेकींना शिवून जोडलेले, जहाज प्रत्यक्ष बांधण्याचे ठरले. संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. मूळ आराखडा कोठेच उपलब्ध नव्हता. चित्रातून आकार घ्यायचा आणि बाकीचे तर्काने भरून काढायचे. म्हणून आधी प्रतिकृती: आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने तिच्यावर पाण्यातल्या चाचण्या केल्या आणि डोलकाठीची रचना ताण सोसेल की नाही हे तपासले. जहाजावर चौकोनी शिडे, मागे सुकाणूची वल्ही, इंजिन नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले, २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

या प्रवासात जे पणाला लागले होते ते साधे होते. आजच्या नौदलातील कोणालाही अशा शिडांवर आणि दोरांवर काम करण्याचा वारसा मिळालेला नव्हता. कोणता दोर आधी सोडायचा, किती माणसांनी ओढायचा, वारा बदलला तर कोणी कोठे उभे राहायचे, हे पाठ्यपुस्तकात नाही. चित्रकाराने दोर नीट दाखवले असते तर काम सोपे झाले असते. ते हात पूर्वी किनाऱ्यावर होते. १९५० नंतरच्या दशकांत देशी नौकांवर इंजिने बसत गेली, डोलकाठ्या आखूड झाल्या, मग निघून गेल्या. कच्छमधील मांडवीत रुक्मावती नदीच्या काठी लाकडी वहाणे आजही बांधली जातात, पण ती इंजिनावर चालतात. शिडावर उमेदवारी केलेले तांडेल आता फार थोडे उरले असतील आणि ते वयोवृद्ध असतील. परबाण पलीकडे नेण्याची हाकाटी, दोर एका वेढ्यात अडकवून एका झटक्यात सोडता येईल अशी गाठ, ओल्या काथ्याचा ताण हाताने ओळखणे, या गोष्टी कोणत्याही रेखाटनात उतरलेल्या नाहीत. त्यांच्या समोर एखादी प्रतिकृती ठेवून दोर कोठून कोठे जातो एवढे विचारले आणि उत्तर ध्वनिमुद्रित केले, तरी पुष्कळ काही हाती लागेल. कच्छ, सौराष्ट्र आणि कोकण येथील बंदरांशी ज्यांच्या पेढ्यांचा पूर्वापार संबंध आहे, अशा कुटुंबांना हे काम इतरांपेक्षा सोपे आहे, कारण बंदरावरच्या घरांची दारे त्यांच्यासाठी आधीच उघडी आहेत.

घरात जुनी प्रतिकृती असेल तर तिच्याबाबतही थोडी काळजी घेता येते. दिवाळीच्या साफसफाईत तिचे सैल, काळवंडलेले दोर कापून नायलॉनचा पांढरा दोरा बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. सैल दोर म्हणजे बिघाडच असे नाही. आपल्या नौकांवर वाऱ्याआडचे दोर ढिलेच असत, आणि जुन्या कारागिराने ते जाणून तसे ठेवलेले असू शकतात. धूळ ओल्या फडक्याने न पुसता मऊ कोरड्या ब्रशने काढावी, कारण ओलाव्याने सुती दोर आखडतो आणि नाजूक परबाण मोडते. सफाईपूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. दोर तुटलाच असेल तर तो फेकू नये. तुकडा कागदाच्या पाकिटात ठेवावा आणि तो कोणत्या डोलकाठीचा, वरून कोठे बांधलेला, खाली कोठे येऊन थांबलेला, हे पाकिटावर पेन्सिलीने लिहून ते पाकीट जहाजाच्या बैठकीखाली सरकवून ठेवावे.